कप रिकामा होईपर्यंत

नाशिक
२ जुलै १९७८

आदरणीय उस्ताद,
जयहिंद आणि साष्टांग नमस्कार.

पलटण सोडल्यापासून गावात बसून बसून अंगाला गंज चढत होता, तेवढ्यात इथून बोलावणं आलं. मखमलाबाद रस्त्यावरच्या वीरभद्र सैनिकी महाविद्यालयात मी फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक म्हणून रुजू झालोय. नाव सैनिकी, पण काय सांगू! पोरं परेडला बूट चमकवून येतात आणि बॉल दिसला की सावली शोधतात. मागच्या साली यांनी एकही सामना जिंकला नाही. एकदा तर समोरच्या संघाची एसटी वाटेत बंद पडली म्हणून फुकटचा विजय पदरात पडत होता, तर यांनी सभ्यपणा दाखवून तो सामना दुसऱ्या दिवशी खेळला आणि हरले.

पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगेत उभं केलं. एका पोरापाशी माझे पाय थबकले. मान ताठ, हनुवटी वर, नजर माझ्या कपाळातून आरपार. म्हटलं, ही उभं राहायची तऱ्हा आपण कुठंतरी सोसून शिकलोय. नाव विचारलं तर वाल्मीक कारभारी बोरस्ते, तालुका नांदगाव. आपला मुलगा! बापाचं नाव पुढं करायचं नाही, असं आपण बजावलंय म्हणे. डावीकडून खेळतो. पायात वारा आहे पोराच्या.

पण एका वाल्मीकनं काय होणार? बाकीच्यांची रोज सकाळी रडगाणी. कुणाचं पोट, कुणाचा गुडघा, कुणाच्या मावशीचं लग्न. हात उगारायची सोय नाही, आईबाप लगेच प्राचार्यांच्या दारात. आपण आम्हा रंगरुटांना अंगाला बोट न लावता सरळ केलं होतं. ते तंत्र मला बारकाव्यासह लिहून पाठवा. मला आठवतं, पण खाल्लेल्याला स्वयंपाक कुठं येतो?

आपला शिष्य,
गोटीराम सदगीर
नायब सुभेदार (निवृत्त)


नांदगाव तालुका
११ जुलै १९७८

चि. गोटीराम यास अनेक आशीर्वाद.

जिभेचे फोड बरे झाले की गुरूचा धडाही विसरतो होय रे? बरं, पुन्हा सांगतो. यापुढं विचारू नकोस.

मैदानाच्या कडेला एक खुर्ची टाकायची. साधी नको, चांगली हाताची, वेताची. जो म्हणेल दुखतंय, त्याच्यावर ओरडायचं नाही. 'ये बाळ, बस' म्हणायचं आणि मानानं खुर्चीत बसवायचं. त्याला चहा द्यायचा. काठोकाठ भरलेला, दुप्पट साखरेचा, उकळता. आणि बाकीच्यांना मैदानाभोवती पळवायचं. किती? तर खुर्चीवाल्याचा कप रिकामा होईपर्यंत. त्यानं फुंकर घालायची नाही, बशीत ओतायचा नाही, सांडायचा तर मुळीच नाही. झालं. पुढं तुला काही करावं लागत नाही. पुढचं सगळं बराकीत त्याचे भाऊबंदच करतात.

तू स्वतः एकदा बसला होतास, आठवतंय ना? घोटा धरून 'उस्ताद, लचकला' म्हणालास. चिखलात तुकडी पळत होती आणि तू तो चहा असा घशात ओतलास की डोळे पांढरे झाले. त्यानंतर आठवडाभर तुझ्या ताटात कुणी डाळ वाढली नाही. पण मग सगळ्यांच्या पुढं कोण पळत होतं? तूच. आणि कागदावर काय? 'जवान आजारी, चहा दिला.' कुणी माझ्यावर बोट ठेवून दाखवावं.

आता वाल्मीकचं. माझ्या पोराला सवलत दिलीस तर तुझं तोंड पाहणार नाही. त्यानं ऑफिसर व्हायच्या लेखी परीक्षेचा अर्ज भरलाय. पास झाला तर फेब्रुवारीत भोपाळला मुलाखत आणि लगेच मेडिकल. मी उभी हयात कालच्या पोरांना सॅल्यूट ठोकले, त्यांच्या मिशाही फुटलेल्या नसायच्या. आता एकच इच्छा आहे. माझ्या पोराच्या खांद्यावर तारे लागावेत आणि त्याला मी पहिला सॅल्यूट ठोकावा. त्यानंतर यम आला तरी त्याला मी 'विश्राम' म्हणेन.

कारभारी बोरस्ते
सुभेदार (निवृत्त)


नाशिक
१७ सप्टेंबर १९७८

आदरणीय उस्ताद,

खुर्ची चालू केली आणि दवाखाना बंद पडला!

प्राचार्यांच्या खोलीतली वेताची आरामखुर्ची मागून आणली. त्यांना सांगितलं, आजारी खेळाडूंच्या सोयीसाठी हवी. ते फार खूश झाले. चहाचं काम मेसच्या लंकाबाईंकडं दिलंय. त्या बिचाऱ्या आलं घालू का म्हणून विचारत होत्या.

पहिला बसला गोलकीपर निवृत्ती. ताप होता म्हणाला. अंगाला हात लावून पाहिला तर होताही. पण आपण सांगितलंय, पाहायचं नसतं. बसवलं. बाकीचे पळायला लागले, वर पाऊस. निवृत्तीनं पहिल्या घोटाला तोंड भाजून घेतलं, मग सगळ्यांकडं बघत बघत तसाच प्यायला. संध्याकाळी त्याची गादी विहिरीत सापडली. कुणी टाकली ते मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील येऊन त्याला दिंडोरीला घेऊन गेले. सामान घेऊन जाताना एकही पोरगं फाटकापर्यंत गेलं नाही.

तेव्हापासून खुर्ची रिकामी आहे आणि आम्ही जिंकतोय. एका पोराचं नख उपटून निघालं, तरी तो सामना संपेपर्यंत बोलला नाही. बूट काढला तेव्हा मला कळलं. अशी पोरं मला पलटणीतही मिळाली नव्हती. वाल्मीकला कप्तान केलंय. रोज सकाळी खुर्ची बाहेर आणून ठेवणं हे कप्तानाचं काम.

एक सांगायचं राहिलं. खुर्चीची कल्पना आपली, हे मी पोरांना सांगितलेलं नाही. वाल्मीकलाही नाही. योग्य वेळी सांगेन.

आपला,
गोटीराम


नांदगाव तालुका
६ नोव्हेंबर १९७८

चि. गोटीराम यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. वाल्मीक येऊन गेला. लेखी परीक्षा पास झाल्याचं पत्र त्यानं खिशातून काढलं तेव्हा मी गावभर पेढे वाटले, आणि ज्यांच्याशी बोलत नाही त्यांनाही दिले, मुद्दाम. पोरगा काटक झालाय. थोडा दमल्यासारखा वाटला, पण नाशिकच्या मेसचं अन्न, दुसरं काय. त्याला रोज उजाडता डोंगरावर पळवला. सुट्टी म्हणजे सुस्ती नव्हे.

सहज एक विचारतो. तुमच्या कॉलेजात पोरांनी डॉक्टरकडं जायची सक्ती असते का? आणि गेलं तर त्याची नोंद राहते का, पुढं फौजेचं मेडिकल होतं तेव्हा ती कुणी मागतं का? गावातल्या एका पोराला तुमच्याकडं घालायचंय, त्याचा बाप विचारत होता. माझं काही नाही.

तुझी वहिनी हल्ली फार रडूबाई झालीय. तिच्याकडं लक्ष देऊ नकोस.

कारभारी बोरस्ते


नांदगाव तालुका
१४ नोव्हेंबर १९७८

गोटीराम भाऊंना सगुणाबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाय. चुकलंमाकलं पोटात घाला. आमच्या ह्यांना न सांगता लिहिते हाये.

वाल्मीक दिवाळीला आला तव्हा उजवा पाय जपून टाकत होता. आंघोळीला पाणी दिलं तव्हा मी बघितलं. नडगीवर सूज, हात लावला का तोंड फिरवायचा. ह्यांनी बघितलं. हळद-चुना लावला, पट्टी आवळून बांधली आन् म्हणले, 'डॉक्टरकडं जायचं नाय. कागदावर आलं का भोपाळ संपलं.' आन् तसाच डोंगरावर नेला. मी आडवी आले तर मला म्हणले, तोंडातून शब्द काढशील तर माहेरी धाडीन.

पोराला विचारलं, बाबा रे, तुझ्या सरांना का नाय सांगत? तर म्हणला, 'आई, मी सांगितलं तर खुर्ची मिळंल. त्यापरीस पाय गेलेला बरा.' मला खुर्चीचं काय उमगलं नाय. त्यानं सगळं सांगितलं तव्हा उमगलं.

भाऊ, मला पाठचा भाऊ नाय. भाऊबीज कोरडी गेली. तुम्ही आमच्या घरी जेवलात, मला वहिनी म्हणता. मी ओवाळणी मागते. त्याला एकट्याला बाजूला घेऊन गुपचूप डॉक्टरकडं न्या. खुर्चीवर बसवायचाच असला तर बसवा, पण बाकीच्या पोरांना पळवू नका. एवढंच. ह्यांना कळू देऊ नका.

तुमची बहीण,
सगुणाबाई


नाशिक
२० नोव्हेंबर १९७८

सौ. सगुणा वहिनींस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळा संघ रांगेत असताना, खुर्ची समोर होती, वाल्मीकला पुढं बोलावलं आणि सर्वांदेखत विचारलं, 'बोरस्ते, पाय दुखतो का?' तो म्हणाला, 'नाही सर.' पुन्हा विचारलं, 'बसायचंय?' खणखणीत आवाजात म्हणाला, 'नाही सर!' पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग तो सगळ्यांच्या पुढं पळाला.

आता मी आणखी काय करावं? आईचं मन असतं, समजू शकतो. पण तुमचा मुलगा वाघ आहे वहिनी. मध्येच त्याला एकट्याला डॉक्टरकडं नेला असता तर त्याचा अपमान झाला असता. ओवाळणी पोचली असं समजा.

तुमचा भाऊ,
गोटीराम


नांदगाव तालुका
२८ नोव्हेंबर १९७८

गोटीराम,

तुझं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. बायकोच्या नावानं पत्र आलं म्हणून गावात कुजबुज नको, मीच फोडलं. फोडलं ते बरं झालं.

तुझं काही चुकलं नाही. सर्वांदेखत विचारलंस ते उत्तम केलंस, मीही तेच केलं असतं. पण पलटणीची गोष्ट चुलीपर्यंत नेणारी बाई घरात असेल तर घराला दार कशाला? तिला दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं चाळीसगावला माहेरी पोचवलं. भोपाळचा निकाल लागेपर्यंत तिकडंच राहील. जाताना पायरीवर बसून म्हणाली, 'पोराला एकदा बघून तरी जाते.' म्हटलं, बघूनच तर हे सगळं झालंय.

बायकांना सूज दिसली की तिरडी दिसते. किरकोळ ठेच आहे. दिवाळीत मी पाहिलं, त्यात काही नाही. तुलाही काही दिसलं नसेलच, नाहीतर तू लिहिलं असतंस.

कारभारी


नाशिक
१० जानेवारी १९७९

आदरणीय उस्ताद,

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो! रविवारी २८ तारखेला आमच्याच मैदानावर मालेगावच्या कॉलेजशी गाठ आहे. त्यांची पोरं यंत्रमागावर रात्रपाळी करून खेळायला येतात, झोपेतही बॉल सोडत नाहीत. पण आमच्याकडं खुर्ची आहे.

आपण पाहुणे म्हणून यायचंच. प्राचार्यांनी खास निमंत्रण दिलंय. सामन्यापूर्वी आपण चार शब्द बोलावेत आणि त्याच वेळी खुर्ची कुणाची देणगी आहे ते मी सर्वांना सांगेन. वाल्मीकला ते तिथंच कळू दे. त्याची छाती किती फुगेल विचार करा.

वाल्मीक ठीक आहे. थंडीमुळं सकाळी सकाळी जरा आखडल्यासारखा पळतो, अंगात ऊब आली की मोकळा होतो. भोपाळची तारीख १२ फेब्रुवारी आली आहेच. कप हातात घेऊनच जाईल तो.

आपला,
गोटीराम


नाशिक
४ फेब्रुवारी १९७९

उस्ताद,

आपण सामना संपायच्या आत उठून गेलात. इस्पितळातही आला नाहीत. म्हणून जे झालं ते मलाच लिहावं लागतंय. आपण अर्धं पाहिलंत, उरलेलं वाचा.

आपण भाषणात खुर्चीची गोष्ट सांगितलीत तेव्हा मंडपातले लोक किती हसले! पालकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाल्मीककडं बघत होतो. रांगेत उभा होता, तसाच ताठ. पण आपल्याकडं त्यानं असं पाहिलं, जणू कुणी परका माणूस त्याच्या वडिलांचे कपडे घालून आलाय.

मध्यंतरात तो माझ्यासमोर आला. उजवा मोजा तटतटून फुगला होता. मी पाहिला. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, पण खुर्ची तिथंच होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आपण उभे होता. त्यानं खुर्चीकडं पाहिलं, आपल्याकडं पाहिलं आणि मैदानात परत गेला.

हाड मोडल्याचा आवाज मला कडेपर्यंत आला. त्याला उचलून आणलं. ठेवायचं कुठं? समोर तीच खुर्ची. पोरांनी खुर्चीत बसवला. पंचानं शिट्टी वाजवली, खेळ पुन्हा सुरू झाला, पोरं धावायला लागली. आणि लंकाबाईंनी, त्यांना काय माहीत, ठरलेल्या शिकवणीप्रमाणं चहाचा कप आणून त्याच्या हातात दिला. उस्ताद, त्यानं तो घेतला. पाय लोंबतोय, तोंडावर रक्ताचा थेंब नाही, आणि धावणाऱ्या पोरांकडं बघत त्यानं तो उकळता चहा एका दमात प्यायला. मी कप काढून घेईपर्यंत संपला होता. त्या वेळी आपण फाटकाकडं चालला होता.

आम्ही जिंकलो. कप प्राचार्यांच्या खोलीत आहे.

डॉक्टर म्हणाले, हाड त्या दिवशी मोडलेलं नाही. महिन्यांपासून चिरलेलं होतं, त्या दिवशी नुसतं सुटलं. वेळेवर सहा आठवडे विश्रांती दिली असती तर काहीच झालं नसतं. आता पाय आखूड राहणार. भोपाळला मी तार केली.

आपल्याला दिवाळीपासून माहीत होतं, उस्ताद. आपण मला का कळवलं नाही?

गोटीराम


नांदगाव तालुका
१६ फेब्रुवारी १९७९

सदगीर,

माझ्या डोळ्यांसमोर तो दिवाळीचे दहा दिवस होता. तुझ्या डोळ्यांसमोर तो तीन महिने पळत होता. डोळे काय गहाण टाकले होतेस? 'आखडल्यासारखा पळतो' असं तूच लिहिलंस. माझी अक्कल काढायला निघालास, आधी स्वतःची किती उरलीय ते चाचपून बघ.

मी सवलत देऊ नको म्हणालो होतो. आंधळा हो असं म्हणालो नव्हतो.

आता ऐक. मी इतकी वर्षं रंगरूट घडवले, माझ्या हाताखाली एकाचंही हाड मोडलं नाही. का? कारण मला माणूस ओळखता यायचा. जो खरोखर दुखावलाय त्याला मी खुर्चीजवळ येऊच देत नसे. 'जा रे, ऑफिसात हा कागद देऊन ये आणि तिथंच थांब' म्हणून सकाळीच पिटाळायचो. तुकडीला वाटायचं कामावर गेलाय. तो दिवसभर सावलीत पडून राहायचा. खुर्ची फक्त ढोंग्यांसाठी होती. तुझ्यासाठी. तू घोट्याचं सोंग आणलं होतंस, ते मी तुझ्या चेहऱ्यावर वाचलं म्हणून तुला बसवलं.

तू गुरूचा अर्धा धडा उचललास आणि माझ्या पोराचा पाय घालवलास. तुला सगळं लिहायला हवं होतं म्हणशील. अरे, इतकं साधं ज्याला सांगावं लागतं त्यानं माणसं हाताखाली घेऊ नयेत.

पुन्हा पत्र पाठवू नकोस.

कारभारी बोरस्ते


नाशिक
२५ फेब्रुवारी १९७९

उस्ताद,

हे शेवटचं. आपली आज्ञा मोडून लिहितोय, आयुष्यात पहिल्यांदा.

मी सोंग आणलं नव्हतं. घोटा खरंच मोडला होता. पुढं सुट्टीवर गावी गेलो तेव्हा हाडवैद्यानं सांगितलं, वाकडा जुळलाय, आता असाच राहणार. मी कुणाला बोललो नाही. थंडीत अजून ठणकतो. तुकडीच्या पुढं मी पळत होतो तो त्याच घोट्यावर.

आपण माझा चेहरा वाचला होता असं म्हणता. मग वाल्मीकचाही वाचला असेल.

गोटीराम सदगीर


नांदगाव तालुका
९ डिसेंबर १९७९

सरांस नमस्कार.

'हे शेवटचं' म्हणालात, त्यानंतरही वडिलांच्या नावानं तुमची तीन पत्रं येऊन पडली आहेत. त्यांनी फोडली नाहीत, म्हणून मी फोडली. तुम्ही विचारलंय उस्ताद कसे आहेत. सांगतो.

तुमचं घोट्याचं पत्र आलं तेव्हा मी नुकताच इस्पितळातून घरी आलो होतो. त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग स्वतःशी पुन्हा वाचलं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जाऊन आईला माहेराहून घेऊन आले. ती आली, माझा पाय पाहिला, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. भाकरी वाढते, पाणी ठेवते, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीवर खुर्ची टाकली. वेताची. नांदगावच्या बाजारातून ती मुद्दाम आणली होती. मला धरून बसवलं. आईला म्हणाले, 'चहा दे त्याला. भरून दे.' मग सदरा काढून खुंटीला अडकवला आणि अंगणात पळायला लागले. आडापासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून आडापर्यंत. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मी ओरडलो, 'बाबा, थांबा!' तर पळता पळता म्हणाले, 'कप संपल्याबिगर थांबायचं नसतं, नियम हाय.'

मी घाईघाईनं चहा संपवला. जीभ सोलून निघाली. ते थांबले, गुडघ्यांवर हात टेकून दम खाल्ला आणि माझ्याकडं बघून हसले. कौतुकानं हसले, सर. म्हणाले, 'शाब्बास! दुसऱ्यासाठी तोंड भाजून घेतो तोच खरा गडी. बघ, खुर्चीनं तुला घडवलाच का नाय?'

त्या दिवसापासून मी घाई करणं सोडलं.

आता रोज सकाळी हे चालतं. गाव पहिले काही दिवस कुंपणापाशी जमलं, मग कंटाळलं. आई चहा करते. साखर दुप्पट घालते, मी सांगितलेलं नाही. मध्ये एकदा येऊन कपात डोकावून जाते. थांबवा असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही. ते आता साठीला आलेत. छातीत कळ येते, डावा हात चोळत पळतात. परवा आडाजवळ खाली बसले. माझ्याकडं पाहिलं. मी कप ओठांना लावला आणि तसाच खाली ठेवला. मग उठले, पुन्हा पळायला लागले. मला त्यांच्याकडं बघून फार राग येतो आणि फार रडूही येतं, पण चहा लवकर संपवावासा वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की यंदा संघ पुन्हा अंतिम सामन्यात आहे आणि खुर्ची आता अडगळीत टाकली आहे. टाकू नका. निवृत्तीला बोलावून घ्या आणि तिच्यावर बसवा. तुम्ही पळा.

तो रांगेसमोरचा प्रश्न मला रोज आठवतो. 'बोरस्ते, पाय दुखतो का?' सर, दुखत होता.

हे पत्र मी खुर्चीतच बसून लिहितोय. थंडी आहे, कपावर साय धरली आहे. वडील गोठ्यापाशी वळले, आता इकडं येताहेत. माझ्या हाताकडं बघताहेत. अजून अर्धा कप शिल्लक आहे.

वाल्मीक कारभारी बोरस्ते